एक्स-रे, ‘लाईट’ आणि भंगारातला शिशाचा डबा

गेल्या अंकात मायक्रोवेव्हवर लिहिलं आणि पत्रांचा ढीग आला. मायक्रोवेव्ह राहिला बाजूला, बहुतेकांना रेडिएशनबद्दलच विचारायचं होतं. माझी काही तक्रार नाही. तेहेतीस वर्षं हॉस्पिटलात रेडिएशन सेफ्टी ऑफिसर म्हणून दुसरं केलं तरी काय? भिंतींची जाडी मोजली, मशीनमधून कुठे गळतंय ते बघितलं, तंत्रज्ञांचे डोस मोजणारे बॅज गोळा केले आणि डॉक्टरांशी भांडले. आता मिरजेत घरी असते, तरी भाजीवाली मावशीसुद्धा नातवाच्या एक्स-रेचं पाकीट घेऊन गेटवर उभी राहते.

सात पत्रं घेतली आहेत. नावं सगळ्यांची गाळली. वाचण्याआधी एकच माप ध्यानात ठेवा: रेडिएशनचा डोस मिलिसिव्हर्टमध्ये मोजतात. जमीन, आकाश, हवा आणि अन्न यांतून माणसाला काहीही न करता वर्षाला जो डोस मिळतो, त्याची जगाची सरासरी २.४ मिलिसिव्हर्ट आहे. त्यातला निम्मा एकट्या रेडॉन वायूचा. हा वायू जमिनीतून वर येतो आणि बंद खोल्यांत साचतो.

लग्नाला दोन वर्षं झाली. खोकला जात नव्हता म्हणून छातीचा एक्स-रे काढला. आठ दिवसांनी कळलं की दिवस गेलेत, सहावा आठवडा आहे. सासूबाईंच्या ओळखीच्या एक बाई म्हणाल्या, मूल व्यंगाचं होणार, पाडून टाका. आता घरात कोणी माझ्याशी धड बोलत नाही. काय करू?
— बार्शी

पाडू नका. हे दोन शब्द आधी घरात सगळ्यांना मोठ्याने वाचून दाखवा, बाकीचं सावकाश वाचा.

छातीच्या एका एक्स-रेचा डोस साधारण ०.०२ मिलिसिव्हर्ट. गच्चीवर पापड वाळत घालत बसलात तरी तेवढा डोस तीन दिवसांत मिळतो. तोही तुमच्या शरीराला. किरण पडतात छातीवर आणि बाळ आहे खाली ओटीपोटात. तिथवर पोचतं ते इकडेतिकडे विखुरलेलं उरलंसुरलं, ०.०१ मिलिग्रेपेक्षाही कमी. (मिलिग्रे हे जवळचंच माप आहे, एक्स-रेच्या बाबतीत दोन्ही सारखीच धरा.) गर्भाला व्यंग येण्याची किंवा मेंदूच्या वाढीवर परिणाम होण्याची भीती सुरू होते ती १०० मिलिग्रेच्या आसपास. म्हणजे तुमच्या बाळाला मिळालाय तो त्याचा दहा हजारावा भाग, कदाचित त्याहून कमी. १०० मिलिग्रेच्या खालच्या डोससाठी गर्भपात करणं समर्थनीय नाही, असं आंतरराष्ट्रीय किरणसंरक्षण आयोगाने स्पष्ट लिहून ठेवलंय. तुमच्या डॉक्टरांना हे माहीत असेल. नसेल तर हा अंक दाखवा.

केरळात कोल्लमजवळ करुनागप्पळ्ळी आहे. तिथल्या किनाऱ्याच्या वाळूत मोनाझाइट नावाचं खनिज सापडतं आणि त्यात थोरियम हे किरणोत्सारी मूलद्रव्य असतं. तिथली काही घरं अशी आहेत की नुसतं राहून वर्षाला बार्शीच्या कितीतरी पट डोस मिळतो. (बार्शी आपल्या काळ्या दगडावर वसलेली, आणि दख्खनच्या बेसॉल्टमध्ये युरेनियम-थोरियम मुळात कमीच. ग्रॅनाइटच्या मुलखात ते जास्त.) त्या किनाऱ्यावर पिढ्यान्‌पिढ्या बाया बाळंत होतायत. १९९५ पासून तिथल्या हॉस्पिटलांत जन्मलेली लाखाहून अधिक बाळं तपासली गेली. जास्त रेडिएशनच्या पट्ट्यात जन्मजात व्यंगांचं प्रमाण वाढलेलं दिसलं नाही.

भीतीचं मात्र नुकसान दिसतं आणि मोजताही येतं. १९८६ साली चेर्नोबिलची अणुभट्टी फुटली तेव्हा ग्रीससारख्या दूरच्या देशात लोकांना मिळालेला डोस एक मिलिसिव्हर्टच्याही आतला होता. तरी डॉक्टरांनीच घाबरवल्यामुळे तिथे सुमारे २,५०० हव्या असलेल्या गर्भांचा गर्भपात झाला, असा अंदाज नंतरच्या अभ्यासात निघाला.

एक आठवण सांगते. नोकरीला लागून थोडीच वर्षं झाली होती. एका बाईची फाईल माझ्या टेबलावर आली, एक्स-रेमुळे गर्भाला किती डोस गेला तेवढा काढून द्या म्हणून. रात्री घरी बसून हिशेब केला, सकाळी कागद टाईप करून घेतला आणि वॉर्डात गेले. ‘त्यांना काल संध्याकाळीच मोकळं केलं’, नर्स म्हणाली. गर्भपात करण्याआधी कोणी हिशेबाची वाटच पाहिली नव्हती. माझ्या कागदावर शून्यानंतर टिंब, मग आणखी दोन शून्यं आणि त्यानंतर कुठे एक आकडा होता. तो कागद मी फाडला नाही.

आता सांगायचं ते सांगते. एक्स-रेच्या खोलीबाहेर ‘गरोदर असल्यास आधी सांगा’ अशी पाटी असते, ती खरीच वाचा. पोटाचा सीटी स्कॅन किंवा पोटाची बेरियमची तपासणी झाली असेल तर डोस जास्त असतो. तेव्हा हॉस्पिटलच्या मेडिकल फिजिसिस्टकडून गर्भाचा डोस काढून घ्यावा. एका सीटीत बहुधा तोही १०० च्या आतच निघतो. आणि सोनोग्राफीत रेडिएशन नसतं, ती आवाजाच्या लहरींची. तिला बिनधास्त जा.

आमच्या लग्नाला चाळीस वर्षं झाली म्हणून मुलाने दोघांना ‘फुल बॉडी चेकअप’ भेट दिला. त्यात डोक्यापासून पोटापर्यंत सीटी स्कॅन आहे. आम्हाला त्रास काहीच नाही. करावं का?
— निवृत्त शिक्षक, कराड

मुलाला सांगा, त्या पैशांत आम्हाला काशीला पाठव.

पोटाच्या एका सीटीचा डोस ८-१० मिलिसिव्हर्ट, म्हणजे छातीचे चारपाचशे एक्स-रे. छाती, पोट, डोकं सगळं धरलं तर आणखी. असा डोस दहा मिलिसिव्हर्ट धरला, तर त्यातून पुढे जिवावर बेतणारा कॅन्सर होण्याची शक्यता दोन हजारांत एक असा ढोबळ हिशेब आहे. तुमच्या वयात ती आणखी कमी. इतक्या कमी डोसचा धोका कोणी थेट मोजलेला नाही, मोठ्या डोसवरून खाली ओढलेली ती रेघ आहे. तरी दुखणं नसताना तो का घ्यायचा? शिवाय स्कॅनमध्ये कुठेतरी एखादा निरुपद्रवी ठिपका निघतो, मग तो काय आहे हे बघायला दुसरा स्कॅन, मग सुई.

उलट बाजूही ऐका. पोटात कळ आली, डोक्याला मार लागला आणि डॉक्टर सीटी करा म्हणाले, तर माझं नाव सांगून टाळाटाळ करू नका. तो डोस वसूल होतो. फक्त जुन्या फिल्म आणि सीडी जपून ठेवा. ‘जुनं काही नाही’ म्हणून तोच स्कॅन पुन्हा झालेला मी शेकड्यांनी पाहिलाय.

माझं नंबरप्लेट आणि रेडियमचं दुकान आहे. बायको म्हणते, रोज रेडियम कापतोस, कॅन्सर होईल.
— करमाळा

वहिनींना सांगा, तुमच्या दुकानात पाटीखेरीज कुठेही रेडियम नाही. ते परावर्तक स्टिकर. आत काचेचे बारीक मणी किंवा लोलक असतात आणि ते गाडीचा उजेड आल्या वाटेने परत पाठवतात. पण नाव का पडलं ते ऐकण्यासारखं आहे. शंभर वर्षांपूर्वी अंधारात चमकणाऱ्या घड्याळांच्या तबकड्या खऱ्या रेडियमच्या रंगाने रंगवत. अमेरिकेत न्यू जर्सीच्या कारखान्यात तरण्या मुली हे काम करायच्या. ब्रशाला टोक यावं म्हणून तो ओठांत धरायच्या, कारण त्यांना तसंच शिकवलं होतं. रेडियम शरीरात कॅल्शियमसारखं वागतं, हाडांत जाऊन बसतं. त्या मुलींचे जबडे सडले. कित्येक मेल्या. जगाने पोटात गेलेल्या रेडिएशनचा धडा त्यांच्याकडून घेतला.

तुमच्या आजोबांच्या पेट्रोमॅक्सच्या मेंटलमध्ये मात्र खरंखुरं थोरियम असायचं. वरातीत डोक्यावर बत्त्या घेऊन चालणाऱ्यांचा डोस कोणी मोजला नाही, पण फार नसणार. जळलेल्या मेंटलची राख फुंकू नये, एवढंच.

सोसायटीच्या गच्चीवर मोबाईल टॉवर आहे. एका ओळखीच्याने टॉवरच्या रेडिएशनपासून वाचवणारी चार पेंडंट दिली, प्रत्येकी साडेचार हजार. चौघेही रात्रंदिवस घालतो. फरक कळेल का?
— ठाणे

टॉवरच्या लहरी एक्स-रेसारख्या नाहीत. त्यांच्यात अणूतला इलेक्ट्रॉन उपटून काढण्याएवढी ताकद नसते. त्या फार झाल्या तर ऊब देतात. कॅन्सरशी त्यांचा संबंध ठाम सिद्ध झालेला नाही. जागतिक आरोग्य संघटनेच्या कर्करोग संस्थेने २०११ मध्ये त्यांना ‘शक्यता असू शकते’ अशा गटात टाकलं, आणि भारताने २०१२ पासून टॉवरची मर्यादा आंतरराष्ट्रीय मर्यादेच्या एक दशांशावर आणली. टॉवरबद्दल मला एवढंच म्हणायचंय.

पेंडंटबद्दल मात्र पुष्कळ. ‘निगेटिव्ह आयन’, ‘क्वांटम’, ‘स्केलर एनर्जी’ अशी नावं असलेल्या पेंडंटांपैकी काहींमध्ये थोरियम-युरेनियमवाल्या खनिजाची पूड मिसळलेली सापडली आहे. आयन म्हणजे विजेचा भार असलेले कण. ते तयार करायला हवेत काहीतरी आदळायला हवं ना, ते त्यातले किरण करतात. म्हणजे आयन खरे असतात! २०२१ च्या डिसेंबरमध्ये नेदरलँड्सच्या अणुसुरक्षा खात्याने अशी दहा उत्पादनं किरणोत्सारी आढळल्याचं जाहीर केलं. त्यांत ५जी पासून वाचवण्याच्या नावावर विकलेल्या वस्तू होत्या, लहान मुलांचं एक ब्रेसलेटही होतं. डोस थोडाच, पण वर्षानुवर्षं कातडीला चिकटवून ठेवला तर त्वचेला त्रास होऊ शकतो, म्हणून वापरू नका असं त्यांनी सांगितलं.

तुमचं पेंडंट त्यातलं आहे का हे मोजल्याशिवाय मी सांगणार नाही. पण मुलांच्या गळ्यातून आज काढा. अठरा हजार गेले, ते गेले.

जाऊबाईंना स्तनाचा कॅन्सर झाला, ऑपरेशन झालं, आता रोज ‘लाईट’ घ्यायला जातात. सासूबाईंनी त्यांचं ताट-वाटी, टॉवेल वेगळा केला. माझ्या दोन वर्षांच्या मुलाला त्यांच्या मांडीवर बसू देत नाहीत. म्हणतात, अंगातून किरण निघतात. माझ्या माहेरी वहिनीला थायरॉईडसाठी ‘आयोडीन’ दिलं, तिथे डॉक्टरांनीच मूल लांब ठेवा सांगितलं. खरं काय?
— सातारा

दोन्ही खरं आहे, कारण दोन्ही उपचार वेगळे.

जाऊबाईंना बाहेरून मशीनने किरण देतात. बटण बंद केल्यावर ट्यूबलाईटचा उजेड खोलीत साठून राहतो का? तसंच हे. टेबलावरून उठल्या त्या क्षणी त्यांच्या अंगात रेडिएशनचा टिपूसही नसतो. मुलाला आजच्या आज काकूच्या मांडीवर द्या, ताट एकत्र करा. कातडी काळवंडते, सोलते, थकवा येतो, तो त्यांचा त्रास. दुसऱ्याला त्यातून काही होत नाही. ‘लाईट’च्या रांगेत बसलेल्या बायकांकडून मी वर्षानुवर्षं हे ऐकलंय: गोठ्याशेजारच्या खोलीत अंथरूण, वेगळा पेला, देवघरात बंदी. सासूबाई तुमच्या काळजीपोटीच करत असतील. पण ही शिवाशिव आहे आणि तिला विज्ञानाचा आधार नाही. हवं तर मी म्हणाले म्हणून सांगा, मी सासूच्याच वयाची आहे.

वहिनीची गोष्ट निराळी. तिने किरणोत्सारी आयोडीन-१३१ प्यायलंय. ते थायरॉईडमध्ये जाऊन बसतं आणि तिथल्या पेशी मारतं, औषध म्हणून हवं ते तेच. पण काही दिवस ती खरोखरच किरण बाहेर टाकते, आणि आयोडीन तिच्या लघवीत, घामात, थुंकीत उतरतं. ते दर आठ दिवसांनी आपोआप निम्मं होतं, लघवीवाटे जातं त्याने त्याहूनही लवकर कमी होतं. तिथे ताट वेगळं ठेवणं बरोबर, संडासात दोनदा पाणी टाकणं बरोबर, आणि तान्ही मुलं, गरोदर बायका यांना सांगितलेले दिवस लांब ठेवणं तर फारच बरोबर. कारण लहान मुलांचं थायरॉईड आयोडीन अधाशासारखं ओढून घेतं. चेर्नोबिलनंतर दूषित गवत खाल्लेल्या गाईंचं दूध प्यायलेल्या मुलांनाच थायरॉईडचे कॅन्सर झाले. वहिनीला किती दिवस ते तिच्या हॉस्पिटलच्या कागदावर लिहिलेलं असतं. तेवढे दिवस संपले की मूल कडेवर.

भोसरीला भंगारचा धंदा आहे. एका बंद पडलेल्या कंपनीच्या लॉटमध्ये आकाराच्या मानाने फारच जड असा डबा आलाय. पिवळ्या पत्र्यावर तीन पाकळ्यांच्या पंख्यासारखं चिन्ह आहे. शिसं निघेल म्हणून पोरं कापायची म्हणतात.
— भोसरी

हे पत्र वाचून मी मासिकाच्या कचेरीला फोन केला आणि तिथून या दादांना लगेच निरोप गेला. तरी छापते, कारण असे डबे आणखी कुणाकडे असतील.

कापू नका. उघडू नका, ठोकू नका, हलवू नका. माणसं दूर करा, दार बंद करा, पोलिसांना कळवा आणि मुंबईच्या अणुऊर्जा नियामक मंडळाला, म्हणजे एईआरबीला कळवायला सांगा. ते चिन्ह रेडिएशनचं. डबा जड आहे तो शिशामुळे. आणि किरण अडवायला इतकं शिसं घालावं लागलं, यावरूनच आत काय असेल ते ओळखा.

२०१० साली दिल्लीच्या मायापुरीत हेच झालं. दिल्ली विद्यापीठाने रसायन विभागातलं वापरात नसलेलं एक जुनं यंत्र लिलावात भंगारवाल्यांना विकलं. आत कोबाल्ट-६० होतं. त्याचे तुकडे झाले, एकाने चमकदार तुकडा पाकिटात घालून मागच्या खिशात ठेवला. कातडी जळली, केस गेले, रक्तातल्या पेशी उतरल्या, आणि कित्येक दिवस कारण कुणाच्या लक्षात आलं नाही. एक माणूस दगावला. त्याआधी १९८७ मध्ये ब्राझीलच्या गोइयानियात रिकाम्या दवाखान्यातून काढलेल्या यंत्रातली सिझियमची पूड अंधारात निळी चमकते म्हणून लोकांनी घरोघरी वाटली, अंगाला लावली. चार जण गेले, त्यांत सहा वर्षांची मुलगी होती.

सगळ्यांना उलट्या सुरू झाल्या की आपल्याला जेवण बाधलंसं वाटतं. भंगारात काम करणाऱ्यांनी एवढं लक्षात ठेवा: उलट्या आणि जोडीला भाजल्यासारखी लाल कातडी, पण भाजल्याचं आठवत नाही, असं असेल तर डॉक्टरांना ‘आम्ही भंगारात काम करतो’ हे आवर्जून सांगा.

तुमचा डबा कदाचित रिकामाही असेल. ते मीटर ठरवेल, गॅस कटर नव्हे.

तालुक्याच्या गावी खासगी सेंटरला एक्स-रे टेक्निशियन आहे. या तिमाहीत माझ्या बॅजचा डोस ११ मिलिसिव्हर्ट आला. मालक म्हणतात, बॅज लावूच नको, कटकट नको. घरी लहान मुलं आहेत, झोप लागत नाही.
— एक टेक्निशियन

तुमच्यापासून मुलांना काही नाही, एक्स-रे घरी येत नाही. ते आधी डोक्यातून काढा.

आता अकराचं बघू. आपल्यासाठी मर्यादा पाच वर्षांच्या सरासरीने वर्षाला २०, आणि कुठल्याही एका वर्षी ३०. तीन महिन्यांत ११ हे साध्या एक्स-रेच्या कामात व्हायला नको. एवढ्याने रक्त बिघडत नाही की केस गळत नाहीत, पण कारण शोधायलाच हवं.

बॅजच्या आत खास पूड मिसळलेल्या टेफ्लॉनच्या तीन चकत्या असतात. प्रयोगशाळेत तापवल्या की त्या उजेड देतात, जेवढा डोस तेवढा उजेड. तो बॅज कुणाच्या छातीवर होता की खिळ्यावर, हे चकतीला काय कळणार? आमच्याकडे एका मुलाचा आकडा दर तिमाहीला चढा यायचा. चांगला, नेमस्त मुलगा, आडोशाच्या काचेमागूनच बटण दाबायचा. एकदा मी न सांगता दुपारी गेले. तो जेवायला गेला होता आणि त्याचा शिशाचा ॲप्रन एक्स-रेच्या खोलीत, छातीच्या स्टँडशेजारी खिळ्याला टांगलेला. खिशाला बॅज. तेवढ्यात दुसऱ्याने माझ्यासमोर दोन पेशंट घेतले, दोन्हीचा डोस याच्या नावावर!

दुसऱ्या एकाचा बॅज कायम शून्य यायचा आणि वरिष्ठ त्याचं कौतुक करायचे. तो बॅज ड्रॉवरमध्ये असायचा आणि हा पठ्ठ्या रडणाऱ्या पोरांना स्वतःच्या हाताने धरून एक्स-रे काढायचा. त्या शून्याने माझी झोप जास्त उडवली.

मालकांना काय सांगायचं ते बॅजच्या अहवालासोबत आलेल्या चौकशीच्या कागदावरच आहे, उत्तर लेखी द्यावं लागतं. तुम्ही बॅज लावाच, छातीवर, ॲप्रनच्या आत. ॲप्रन घडी घालून खुर्चीवर टाकू नका, आतलं शिसं घडीवर तडकतं. मूल धरायचं तर आईला ॲप्रन घालून धरू द्या, ती गरोदर नाही ना एवढं विचारून. आणि आज संध्याकाळी सेंटर बंद करताना तुमचा बॅज कुठल्या खिळ्याला लटकतो, ते बघून मला कळवा.